टेपबाई, तिची मांजर आणि भावजयीची मांडी

टेपबाईला टेपबाई म्हणायचे ते काही उगाच नाही. कपडे मापायची टेप सकाळी एकदा गळ्यात पडली की झोपतानाच निघायची. कोणी भेटायला आलं तर त्याच्याशी बोलता बोलता हिचे डोळे त्याच्या खांद्यांवर. पाव कापला तरी दोन तुकडे सारखे पडले का, हे ही टेप लावून बघेल, अशी चेष्टा तिचा धाकटा भाऊ करायचा. खरं सांगू का, एकदा तिनं बघितलंही होतं.

दुकान आणि घर एकच. पुढची खोली रस्त्यावर, मोठ्या काचेची. तिच्यात पायाचं मशीन, कापायचं लांब टेबल, उभा आरसा आणि अर्धवट शिवलेले कोट टांगायची दांडी. मागे स्वयंपाकघर, तिथंच एक जुना बाक, त्यावर गादी. वर झोपायच्या दोन खोल्या. लग्न केलं नाही टेपबाईनं. का नाही केलं असं कुणी विचारलं तर तोंडातल्या टाचण्या न काढताच म्हणायची, मापात बसणारा मिळाला नाही.

मांजर आली ती चिंध्यांच्या खोक्यात. कोणीतरी खोकं दाराशी ठेवून गेलं आणि त्यातून चूं असा आवाज. रिळाएवढं पिल्लू, म्हणून नाव रिळी. अंग करडं, चारी पाय पांढरे. टेपबाईनं कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवलं तिला. मोठी झाल्यावर रिळी नेमकी कापायच्या कापडावर येऊन बसायची, आणि ही बाई तिला उठवायच्या ऐवजी कात्री तिच्याभोवतीनं वळवायची. एका वकिलाच्या कोटाची बाही त्यापायी जराशी वाकडी गेली होती. वकिलाला कळलं नाही, आणि कळलं असतं तरी टेपबाईनं रिळीला उठवलं नसतं.

एक गोष्ट मात्र टेपबाईकडे नव्हती, ती म्हणजे मांडी. होती म्हणा, पण मशीनवर बसणाऱ्या बाईची मांडी ती. पाय चालले की खाली-वर, खाली-वर. रिळी चढायची, दोन हेलकावे खायची आणि तोंड वाकडं करून उतरायची. संध्याकाळी मशीन थांबलं तरी ही बसेल तर शपथ. ओटा पूस, काजं कर, इस्त्री कर. टेपबाईला वाटायचं, आपलं आणि रिळीचं प्रेम असं उभ्या उभ्याचंच आहे, आणि त्यात काही कमी आहे असं तिला कधी वाटलंच नाही. वाटलं कधी, तर भावजय आल्यावर.

धाकटा भाऊ लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा. आठ-आठ दिवस बाहेर. केस पिकायला लागल्यावर त्याला लग्न सुचलं. बायको आणली तीही पन्नाशीला टेकलेली, अंगानं ऐसपैस, हसली की सगळी हलायची. शहराच्या पोहायच्या तलावावर तिकीट खिडकीत बसायची ती. दिवसभर बसून काम, घरी आली की पुन्हा बसायची. बाकावर पाय पसरून म्हणायची, वन्सं, या ना, दोन मिनिटं बसा. वन्सं कुठल्या बसतायत. पण पहिल्याच संध्याकाळी रिळी मशीनमागून निघाली, नव्या बाईचे पाय हुंगले, बाकावर चढली आणि त्या भल्याथोरल्या मांडीवर अशी पसरली, जणू इतकी वर्षं ती ह्याच मांडीची वाट बघत होती.

घुर्रर्र असा आवाज पुढच्या खोलीपर्यंत. टेपबाईनं मशीन जोरात चालवून बघितलं. तरी ऐकू येतच होता.

त्या दिवसापासून तिच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबलंच नाही. भावजय बाईच अशी की तिच्याशी भांडताही येईना. उलट बोललं तर हसायची. मग टेपबाई दुसऱ्या वाटेनं जळायची. भावजयीचा काळा कोट दाराशी टांगलेला असायचा. त्यावर करडे केस दिसले की ही ब्रश घेऊन खसाखसा झाडायची, वर म्हणायची, किती घाण ही. आणि स्वतःच्या कपड्यावर एखादा केस सापडलाच, तर तो तसाच राहू द्यायची. गिऱ्हाईक म्हणालं, अहो केस लागलाय, तर म्हणायची, असू दे, आमच्या मांजरीचा आहे.

दोन वर्षांत रिळी चांगली गरगरीत झाली. भावजय स्वतः खाताना तिला देणार. माशाची कातडी, दुधावरची साय, लोण्याचा बोटभर गोळा. टेबलावर उडी मारायची बंद झाली, जिना चढताना मधेच बसायला लागली. तेव्हा दोघी तिला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या.

तिथं काय झालं ते ऐक. दाराशी कुत्रा भुंकला आणि रिळी टोपलीतून उसळली. टेपबाईनं हात पुढं केले. तिनं, जिनं बोळ्यानं दूध पाजलं होतं. रिळी त्या हातांवरून पलीकडं गेली आणि भावजयीच्या काखेत डोकं खुपसून बसली. बाकावरची माणसं कौतुकानं हसली. एक म्हातारे गृहस्थ भावजयीला म्हणाले, लहानपणापासून तुमच्याकडेच दिसतेय. टेपबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

डॉक्टरीणबाईंनी रिळीला तराजूवर ठेवलं, सांधे दाबून बघितले आणि सांगितलं, वजन उतरवायला पाहिजे, गुडघ्यांवर भार येतोय. पण हळूहळू. म्हातारं मांजर आहे, उपाशी ठेवायचं नाही, दोन दिवस जरी खाल्लं नाही तरी यकृतावर येतं. खाणं मापून द्या, घरातलं एकच माणूस देऊ दे, ताटातलं काही नाही. दर महिन्याला इथं वजनाला आणा, आणि घरी अधूनमधून पाठीवरून, बरगड्यांवरून हात फिरवून बघा.

एवढ्या सगळ्यातलं टेपबाईनं काय उचललं? मापून द्या, आणि एकच माणूस. घरी येताना रस्ताभर तिची चाल हलकी झाली होती. इतके दिवस जे मागता येत नव्हतं ते डॉक्टरीणबाईंनी आपण होऊन हातात दिलं होतं. दारातच भावजयीला म्हणाली, आजपासून ताटली माझ्याकडे. भावजय म्हणाली, बरं बाई, तुम्हाला मापाचं कळतं.

तराजूला मात्र रिळीला पुन्हा नेलं नाही तिनं. टोपलीत रडते, दवाखाना लांब आहे, असं सांगायची. खरं कारण ते काखेत खुपसलेलं डोकं. पुन्हा चार लोकांत तो तमाशा नको होता तिला. आणि तराजू हवा कशाला, गळ्यात टेप आहे की. दर रविवारी रिळीला कापायच्या टेबलावर उभी करायची, पोटाभोवती एक फीत गुंडाळायची, जिथं फितीचं टोक येऊन टेकेल तिथं टाचणी टोचायची. पुढच्या रविवारी बघायचं, टाचणी आत सरकली का.

सरकली नाही. पहिल्या रविवारी नाही, महिना झाला तरी नाही. पोट आपलं तेवढंच, खाली लोंबणारं.

मग हिला दुसरा किडा चावला. ही बया चोरून देत असणार. भावजय घरी आली की कोटाचे खिसे हुंगायची. कचऱ्याच्या डब्यात माशाची कातडी आहे का बघायची. असली तर म्हणायची, एवढीच कशी, आणि नसली तर म्हणायची, गेली कुठं. भाऊ ट्रक घेऊन घरी आला तेव्हा जेवताना त्याच्यादेखत टोमणा मारला, की काही लोकांचं प्रेम ताटातूनच चालतं. भाऊ म्हणाला, अगं ताई, माझंही ताटातूनच चालतं, मला पण मापून वाढणार का. भावजय हसून हसून लाल झाली. टेपबाईला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं रिळीचं माप आणखी एका चमच्यानं कमी केलं.

आणि मग एक नवल झालं. रिळी तिच्या मागं मागं फिरायला लागली.

सकाळी डोळा उघडायच्या आत उशाशी हजर. स्वयंपाकघरात पायांत घोटाळायची, अंग घासायची, तोंड वर करून ओरडायची. ताटली ठेवायचा अवकाश, चाटून लख्ख. भावजय बाकावर बसलेली असली तरी रिळी मधेच तिच्या मांडीवरून उतरून टेपबाईकडे यायची. टेपबाईला आभाळ ठेंगणं झालं. भावजयीच्या तोंडाकडं चोरून बघायची, तिला लागलंय का. पुढच्या खोलीत शिवताना पायाशी मांजर बसली की काचेतून जाणाऱ्या-येणाऱ्यांना दिसावी म्हणून खुर्ची जरा सरकवून घ्यायची. भुकेनं येतेय हे तिला कळत नव्हतं का? कळून घ्यायचं नव्हतं.

एक दिवस भावजय बाकावरून म्हणाली, "वन्सं, हिच्या पाठीची हाडं लागतात हो हाताला."

टेपबाईनं सुईत दोरा ओवता ओवताच सांगितलं, की म्हातारपणी सगळ्यांचीच लागतात, काहींची सोडून. भावजयीनं ते मनावर घेतलं नाही. पण दोन-चार दिवसांनी ती दारात येऊन उभी राहिली, आणि त्या वेळी हसत नव्हती.

"मी चेष्टा करत नाही. मांडीवर जडच लागत नाही पूर्वीसारखी. एकदा वजन करून आणू या."

"ताटली पाहिजे ना तुला परत?" टेपबाई म्हणाली. "सरळ सांग की. ती माझ्याकडे यायला लागली ते बघवत नाहीये."

आणि फीत काढून तिच्यासमोर धरली. बघ, म्हणाली, टाचणी हललेली नाही, पोट तेवढंच आहे, हाडं कुठून लागतील. भावजय फितीकडे बघत राहिली, मग तिच्याकडे. आणि आत गेली. त्या संध्याकाळी बाकावर बसली, पण पाय पसरले नाहीत.

मग आला तो बसवाला. बसगाडी चालवून निवृत्त झालेला, उंच माणूस. नातीच्या लग्नात घालायला जुना कोट काढला होता, टेपबाईनंच कधीकाळी शिवलेला. म्हणाला, पोटावर बरोबर बसतो, बटणं लागतात, पण घातल्यावर मी गबाळा का दिसतो कळत नाही. टेपबाईनं त्याला आरशासमोर उभा केला. बटणं लागत होती खरी. पण खांदे उतरलेले, पाठीवर कापड झोळीसारखं. तिनं मागून ते चिमटीत धरलं, मूठभर आलं हातात.

"पोटावर जाऊ नका," तोंडातल्या टाचण्यांमधून ती म्हणाली. "वय झालं की पोट तसंच राहतं, माणूस पाठीकडून आटतो. म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचं माप मी नेहमी आधी—"

आणि गप्प झाली.

बसवाला म्हणाला, आधी काय? टेपबाईनं टाचण्या हातावर थुंकल्या, त्याला म्हणाली तसेच उभे राहा, आणि मागं गेली. रिळी ओट्याखाली रिकाम्या ताटलीशी बसली होती. तिला बघून उठली, पायाला अंग घासायला लागली. टेपबाई खाली वाकली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

इतक्या रविवारी तिनं फीत लावली होती, टाचणी टोचली होती. हात मात्र लावला नव्हता. केसांखाली एकेक मणका बोटाला लागत गेला, बंद गळ्याच्या कोटाच्या बटणांसारखा, मानेपासून शेपटापर्यंत. दोन्ही बाजूंना जिथं मांस असायला पाहिजे तिथं खळगे. आणि त्याखाली ते पोट, पिशवीसारखं लोंबणारं, जेवढ्याला तेवढं.

रिळी घुरघुरत होती. टेपबाईच्या हाताखाली, कितीतरी दिवसांनी. आणि तिला तो आवाज सहन होईना.

बसवाला तसाच आरशासमोर उभा. ती टोपली घेऊन बाहेर आली आणि त्याला म्हणाली, दार ओढून घ्या, कोट उद्या. दवाखान्याच्या रस्त्याला चार पावलं गेली असेल, रिळी टोपलीत असली किंचाळायला लागली, धापा टाकायला लागली, की टेपबाई मधेच थांबली. एवढ्या अशक्त जिवाला हे सोसायचं नाही हे कुणालाही दिसलं असतं. गप्प कुणाजवळ राहते तेही तिला माहीत होतं.

ती वळली आणि तलावाकडे गेली.

तिकीट खिडकीसमोर रांग होती, टॉवेल गळ्यात घातलेली पोरं, काखेत पोहायच्या टोप्या. टेपबाई टोपली छातीशी धरून रांगेत उभी राहिली. पुढं जाऊ द्या म्हणायलाही तोंड उघडेना. एक-एक पोर सरकत होतं आणि ती मनात शब्द जुळवत होती, असे जुळवत होती की आपण कमी पडल्यासारखं दिसू नये. खिडकीशी पोचली तेव्हा एकही जमलेला नव्हता. काचेमागं भावजय, तिला बघून दचकलेली.

"चल," टेपबाई म्हणाली. "तुझ्या मांडीवर बसते ती. माझ्याकडे नाही बसत."

भावजय उठली. शेजारच्या बाईला खुणेनं बसवलं, कोट खांद्यावर टाकला आणि बाहेर आली. रिक्षात टोपलीचं झाकण उघडलं, रिळी तिच्या मांडीवर गेली आणि गप्प झाली. टेपबाई बाहेर बघत होती. काळजीनं जीव अर्धा झाला होता, तरी उरलेला अर्धा जळतच होता. माणसाचं मन असंच असतं, त्याला काय करायचं.

डॉक्टरीणबाईंनी वजन केलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. खाणं विचारलं. खूप खाते, मागत राहते, ओरडते, असं टेपबाईनं सांगितलं. त्यांनी गळ्याखाली दोन बोटं दाबून बघितली, रक्त काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी दोघी रिळीला घेऊन पुन्हा गेल्या तेव्हा कळलं, गळ्यातली ग्रंथी बिघडलेली. म्हाताऱ्या मांजरांना होतं म्हणाल्या. भूक तर वाढते, पण खाल्लेलं अंगी लागत नाही, उलट अंगचं मांस झडतं. औषध आहे, रोज दोन वेळा गोळी, जन्मभर. पण आजारात वरून खाणं कमी केलंत, त्यानं जास्त ओढली गेली. आणखी काही दिवस गेले असते तर मी काही करू शकले नसते.

मग त्यांनी विचारलं, सांगितलं होतं ना हात फिरवून बघा म्हणून, घरात कुणाच्या हाताला लागलं नाही का?

भावजय रिळीच्या कानामागं खाजवत होती. मूग गिळून बसली, आणि तेच टेपबाईला झोंबलं. तिनं सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

"हिच्या लागलं होतं," टेपबाई म्हणाली. "हिनं दोनदा सांगितलं. मी ऐकलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी मग काय द्यायचं ते समजावलं. मांसाचं मऊ खाणं, थोडं थोडं, दिवसातून चार वेळा, लोणी-साय नाही. वजन वाढवायचं ते पाठीवर, पोटावर नाही. आणि महिन्याच्या महिन्याला तराजू. ह्या वेळी टेपबाईनं सगळं ऐकलं, अगदी नको ते सुद्धा.

घरी आल्यावर प्रश्न आला गोळीचा. कधी मांजराला गोळी दिलीस तू? जबडा धरून उघडायचा, गोळी जिभेच्या मुळाशी ठेवायची, तोंड मिटून गळा चोळायचा, आणि तरी ती पाच मिनिटांनी पलंगाखाली थुंकलेली सापडते. जो देतो त्याचं तोंड बघत नाही मांजर. भावजय म्हणाली, गोळी मी देते वन्सं, माझ्या मांडीवर गप्प असते, पटकन होईल. ताटली तुमच्याकडेच राहू दे.

टेपबाईला मोह झाला. झाला म्हणजे काय, चांगला झाला. गोळीपायी रिळी हिच्यावर रुसेल आणि ताटलीपायी आपल्याकडे येईल. हे तिच्या मनात आलं, आणि आलं तेव्हा रिळी जमिनीवर पाठ दाखवून बसलेली होती, केसांतूनसुद्धा मणके मोजता येतील अशी.

"नको," ती म्हणाली. "माझी बोटं बारीक आहेत. गोळी मी देईन. ताटली तू घे."

झालं तसंच. आठवडाभरात रिळीला टेपबाईच्या चपलेचा आवाज कळायला लागला. ती आली की ही मशीनखाली. दिवसातून दोनदा पाठलाग, दोनदा बोचकारे. हातावर अशी नक्षी झाली की गिऱ्हाइकं विचारायची, कसलं काम घेतलंय. एरवी तिच्याकडे पाठ. आणि भावजय ताटली घेऊन बसली की शेपटी उभी, डोळे मिटलेले, सगळी लाडीगोडी. टेपबाई बघायची आणि जळायची. गोड झाली होती असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. एकदा तर भरल्या ताटलीकडे बघून म्हणाली, माझ्यासमोर कशाला देतेस, वर जाऊन दे.

पण पाठ बघायची होती ना दर आठवड्याला. आणि हाताशी यायची ती फक्त त्याच एका मांडीवर. मग रविवारी संध्याकाळी टेपबाई मशीन थांबवायची, बाकाच्या कडेला येऊन टेकायची. पहिल्यांदा अगदी कडेला, उठायच्या तयारीत. भावजय जरा सरकायची. टेपबाई हात पुढं करून रिळीच्या मानेपासून शेपटापर्यंत फिरवायची, एकेक मणका बोटानं तपासत. रिळी एक डोळा उघडून बघायची, गोळी आहे का, नाही असं कळलं की मिटायची.

थंडी सरली तेव्हा असाच एकदा हात फिरवता फिरवता टेपबाई थांबली. पुन्हा फिरवला.

"कशी वाटते?" भावजयीनं विचारलं.

"भरतेय," टेपबाई म्हणाली. "कण्याच्या दोन्ही बाजूंनी भरतेय. पोट मात्र तुझ्यासारखंच राहिलंय."

भावजय अशी हसली की मांडीसकट बाक हलला. रिळीनं दोघींकडे वैतागून बघितलं, पण उठली नाही. टेपबाईचा हात तिच्या पाठीवर होता. तिनं तो काढला नाही, आणि उठलीही नाही.